ह्यांना शेवटी

५ जानेवारी, सोमवार

बोलवणाऱ्या बाईंनी आज एक तक्ता दिला. त्यांचा खरा हुद्दा लांबलचक आहे. ज्यांचं बोलणं गेलं त्यांना बोलतं करतात आणि ज्यांचं गिळणं बिघडलं त्यांना गिळायला शिकवतात, म्हणून माझ्यापुरत्या त्या बोलवणाऱ्या बाई. तक्त्यात तीन रकाने आहेत: वेळ, काय दिलं, किती घेतलं. मी सदतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो, रकान्यांना भीत नाही. पण हिचा दिवस तीन रकान्यांत मावत नाही, म्हणून ही वेगळी वही.

वस्तुस्थिती अशी. नऊ नोव्हेंबरला हिला झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं, गिळणं अर्धं गेलं. घरी आणून तीन आठवडे झाले. नाकात नळी आहे, तिच्यातून दिवसातून सहा वेळा पातळ अन्न जातं. डॉक्टर म्हणाले, ही नळी कायमची ठेवता येत नाही. चोवीस तारखेपर्यंत ही तोंडाने रोज निदान दोन कप काहीतरी घ्यायला लागली तर ठीक, नाहीतर पोटाला भोक पाडून तिथून नळी. "आणि ती एकदा बसली की बऱ्याच जणांची तोंडाने घ्यायची सवय मोडते, हे आधीच सांगून ठेवतो," असंही म्हणाले. सांगून ठेवणारी माणसं मला आवडतात, पण आज आवडली नाहीत.

नंतर बाईंनी परीक्षा घेतली. चमचा दाखवून "हे काय?" उत्तर नाही. कप. उत्तर नाही. खिडकी. नाही. मग माझ्याकडे बोट करून "हे कोण?" यावर ही म्हणाली, "हे."

बाई म्हणाल्या, प्रश्नातलाच शब्द परत आलाय, असं होतं, पण आवाज फुटला हे उत्तम. मी नोंद केली: चारपैकी शून्य.

७ जानेवारी, बुधवार

पातळ काही दिलं तर ते चुकीच्या वाटेने फुप्फुसात उतरायची भीती असते. म्हणून दवाखान्याने एक पावडर दिली आहे, ती पाण्यात घातली की पाणी खळीसारखं होतं. सकाळी चमचाभर दिलं. हिने तोंड घट्ट मिटलं. दुपारी फळांच्या रसात घालून दिलं. तोंड मिटलेलंच. घेतलं: शून्य. मी स्वतः चाखून पाहिलं आणि हिचं म्हणणं मला पटलं.

"त्यांना काय आवडायचं?" बाईंनी विचारलं.

आता आली का पंचाईत! मला काय आवडायचं ते हिला ठाऊक होतं आणि हिला काय आवडायचं तेही हिलाच ठाऊक होतं. शेवटी सुचलं ते बोललो. थंडीत रविवारी संध्याकाळी ही मसाल्याचं गरम चॉकलेट करायची. दाट असायचं, चमचा उभा राहील इतकं.

बाई एकदम सरसावून बसल्या. "मग तेच करा ना! चमचा तिरका केला की सावकाश घसरलं पाहिजे, ओघळता कामा नये. आणि त्यात कण नकोत, कणाने ठसका लागतो."

करा म्हणणं सोपं. मी आयुष्यात चहा सोडून काही केलेलं नाही, आणि माझ्या चहाबद्दलही घरात दुमत नव्हतं.

८ जानेवारी, गुरुवार

कृती सापडली. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर, हिच्याच अक्षरात. जशीच्या तशी उतरवतो.

"चौघांचं. दालचिनी एक बोट, लवंगा तीन, वेलदोडे दोन, मिरी चिमूटभर, सुंठ त्याहून कमी. दूध चार कप. काळं चॉकलेट एक वडी, कोको दोन चमचे, साखर बेताने. कॉर्नफ्लॉवर थंड दुधात कालवून. मंद आचेवर, हात थांबवायचा नाही. एक कढ. ह्यांना शेवटी."

दुसऱ्या कोणाचा असा कागद हाती आला असता तर मी नोटीस काढली असती. एक बोट? कोणाचं बोट? बेताने म्हणजे किती ग्रॅम? चिमटीचं प्रमाण जगात कुठेही ठरलेलं नाही. शेवटचं वाक्य व्याकरणाला धरून नाही, पण अर्थ उघड आहे: मसाल्यांना शेवटी घालायचं. निर्जीव वस्तूंना "ह्यांना" कशाला, असा प्रश्न पडला खरा, पण ही बरण्यांशीसुद्धा बोलायची. "ह्यांना जरा उन्हात बसू दे" म्हणायची.

चिमटीचा प्रश्न मात्र मी सोडवला. माझा जुना तपासणीचा काटा पलंगाशी नेला. बशीत मिरपूड घेतली आणि हिच्या डाव्या हाताला म्हटलं, घे चिमूट. हिने माझ्याकडे पाहिलं, मग काट्याकडे पाहिलं. मग घेतली आणि काट्यावर सोडली. पुन्हा घेतली. तीन चिमटींची सरासरी शून्य पूर्णांक तीन दशांश ग्रॅम. तिसऱ्या वेळी हिच्या घशातून एक आवाज आला. हसू असावं. खात्री नसल्याने तक्त्यात लिहिलं नाही.

चॉकलेट केलं. चारऐवजी दोन कप दूध. कढ आल्यावर मसाले कुटून घातले. पहिला डाव देवाला म्हणतात, तसा हा देवालाच गेला: पातेलं इतकं करपलं की घासायच्या तारेलाही दाद देईना.

९ जानेवारी, शुक्रवार

आज जमलं. डावाने वरचं वरचं माझ्यासाठी काढलं, तळाचं दाट होतं ते हिच्या कपात. बाईंना दाटच हवंय. माझं मी ओट्याशी उभ्यानेच पिऊन टाकलं, भांडं अडकून राहायला नको म्हणून, आणि हिचा कप घेऊन आत गेलो.

वास आल्याबरोबर हिने मान वळवली. दोन महिन्यांत प्रथमच कशाकडे तरी आपणहून वळली. कपात पाहिलं. मग डाव्या हाताने कप माझ्याकडे सरकवला. "हे."

"हेच, हेच. तुझंच आहे हे," मी म्हणालो.

पुन्हा सरकवला. एक चमचा मी ओठांत घातला, तर मिरीचा कण लागून केवढा ठसका! डोळे पांढरे व्हायची वेळ आली. घेतलं: पाव चमचा, तोही बाहेर.

११ जानेवारी, रविवार

मुलगा आला होता. तो दर रविवारी येतो. मी आत चॉकलेट ढवळत होतो, हात थांबवायचा नसल्याने बाहेर जाता येईना. त्याचं ऐकू येत होतं.

"आई, बाबा कुठेत?"

"हे," ही म्हणाली आणि डावा हात स्वयंपाकघराकडे केला.

"बाबा, आईला तिथलं काहीतरी हवंय बघा!"

मी गॅस बंद करून फुलपात्र नेलं. नको. टॉवेल नेला. नको. भिंतीवरचं घड्याळ काढून नेलं. हिने डोळे मिटून घेतले.

"सगळ्यालाच हे म्हणते ती आता," मुलगा जाताना दाराशी म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "बाबा, तुम्ही अर्धे झालात. बसवू दे ना नळी. तिला तरी कळतंय का आता काय चाललंय ते?"

मी म्हणालो, चोवीस तारीख अजून यायची आहे. तारखेआधी निकाल देणं आमच्या खात्यात बसत नाही.

चॉकलेटला गुठळ्या झाल्या. घेतलं: शून्य.

१४ जानेवारी, बुधवार

मसाले आता कापडातून तीनदा चाळतो, पिठासारखे झालेत. ठसका लागत नाही, पण चव कच्ची लागते, जिभेला खरवडते. शेवटी घातलेला मसाला शिजणार कधी? पण हिने लिहून ठेवलंय, आणि लेखी पुराव्यापुढे मी जात नाही.

खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला चाखायला बोलावलं. हा हिच्या रविवारच्या चॉकलेटचा जुना वाटेकरी. दोन घोट घेतले, तोंड वाकडं केलं.

"साहेब, हे चॉकलेट आहे का मंजन?"

"मग वहिनींचं कसं असायचं ते सांग."

"वहिनींचं... मऊ. वास असा की जिन्यातच कळायचं. आणि पातळसर, दुधासारखं."

"पातळसर? चमचा उभा राहायचा त्यात!"

"तुमच्या उभा राहत असेल. मी तर तीन घोटांत संपवायचो."

माणसाची आठवण म्हणजे बिनशिक्क्याचं वजन. मी वाद घातला नाही.

बोलवणाऱ्या बाई दुपारी आल्या. मध्येच त्यांना नवऱ्याचा फोन. नावाने, एकेरीत, वर "वेडा आहेस का तू?" असा चांगला दणका दिला. आमच्या हिने चव्वेचाळीस वर्षांत माझं नाव एकदाही घेतलेलं नाही. नुसतं "अहो". आता घरात अहो म्हणणारं कोणी नाही. दूध टाकणारासुद्धा आजोबा म्हणतो.

घेतलं: दोन चमचे, बाईंच्या हातून. माझ्या हातून शून्य. याचं मला वाईट वाटलं. लिहायचं म्हणून लिहितो.

१८ जानेवारी, रविवार

मी आज हिच्यावर ओरडलो.

सकाळी कृतीप्रमाणे केलं, दुपारी तसंच, संध्याकाळी जास्त चॉकलेट घालून केलं. प्रत्येक वेळी तळाचं, दाट, जसं हवं तसं. प्रत्येक वेळी हिने वास घेतला, कपात वाकून पाहिलं, आणि कप सरकवला. "हे. हे."

"अगं, एक घोट घ्यायला तुझं काय जातं? सहा दिवस राहिलेत! पोटाला भोक पाडणार आहेत, कळतंय का तुला?"

हिने कप धरला. माझ्या हातून तो ओढून घेतला आणि ढकलत ढकलत माझ्या छातीला टेकवला. निम्मा माझ्या सदऱ्यावर सांडला. "हे!" म्हणाली, चांगली मोठ्याने. मग रडायला लागली.

मी फडकं आणून सगळं पुसलं. रविवारचा आलेला मुलगा कप विसळायला घेऊन गेला. मला माझी लाज वाटली. इतक्या वर्षांत मी हिच्यावर आवाज चढवला तो बहुतेक दुसऱ्यांदा. पहिल्यांदाही गंमत म्हणजे याच चॉकलेटवरून. पाहुणे होते, आणि ही नेहमीप्रमाणे सगळ्यांना देऊन माझा कप सगळ्यांत शेवटी आणत होती. मी म्हणालो होतो, स्वतःच्या घरात आम्ही कायम रांगेत शेवटचे. ही म्हणाली होती, "थांबा हो जरा."

घेतलं: शून्य.

२१ जानेवारी, बुधवार

मुलगा म्हणाला, मावशीला विचारा ना, तिला येत असेल. मावशी म्हणजे हिची धाकटी बहीण. मी टाळत होतो, कारण तिला फोन केला की ती आधी दहा मिनिटं रडते. आज तीन दिवस राहिले म्हटल्यावर केला. दहा मिनिटं रडली. मग मी कामाचं बोललो.

"भाऊजी, तुम्ही करताय? चॉकलेट? तुम्ही?" ती रडता रडता हसायला लागली. "कसं करता सांगा बरं."

मी कृती वाचली. तो कागद तिच्यासाठीच लिहिलेला निघाला. सहा वर्षांपूर्वी हिचं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती घर सांभाळायला आली होती.

"आणि कढ आला की मसाले घालतो," मी म्हणालो.

"कढ आल्यावर? अहो, मसाले सगळ्यात आधी! पाण्यात उकळायचे आणि ते पाणी गाळून घ्यायचं. ते कोणी लिहून ठेवतं का? ते येतंच."

"लिहिलंय की. ह्यांना शेवटी."

तिने मला तेवढं पुन्हा वाचायला लावलं. मी वाचलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "ह्यांना म्हणजे तुम्हाला."

"मला काय?"

"तुम्हाला शेवटी द्यायचं. तळाशी सगळं चांगलं बसतं ना, चॉकलेट, दाटपणा, सगळं. म्हणून आधी आम्हाला वरचं वरचं आणि शेवटचा डाव ह्यांना. मी एकदा तुम्हाला आधी दिलं होतं तर ताई डोळ्याला पट्टी बांधलेली असतानाही चिडली होती. म्हणायची, दिवसभर लोकांची मापं काटेकोर तोलून येतात, घरी तरी झुकतं माप मिळू दे त्यांना. काय हो भाऊजी, काखेत कळसा नि गावाला वळसा!"

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. कपाटाचं दार उघडून कागद पुन्हा वाचला. अक्षर स्वच्छ आहे. चूक वाचणाऱ्याची.

शिंपी खोटं बोलत नव्हता.

२२ जानेवारी, गुरुवार

दालचिनी, लवंग, वेलदोडा, मिरी, सुंठ आधी पाण्यात उकळून घेतली. पाणी कापडातून गाळलं. वास जिन्यात गेला असणार, कारण शिंप्याने खालून "वा!" अशी हाक दिली. कॉर्नफ्लॉवर दुप्पट घातलं, म्हणजे वरचंही दाट होईल. चमचा तिरका करून पाहिलं. सावकाश घसरलं.

मग पातेलं, डाव आणि दोन कप असं सगळं पलंगाशी नेलं. हिच्यासमोर ओतलं. पहिला डाव तिच्या कपात. दुसराही. ही बघत होती. शेवटचा डाव, तळ खरवडून, माझ्या कपात. हिची नजर डावावरून हलली नाही.

मी खुर्चीवर बसून माझा कप प्यायलो, आधी. घाईने नाही. दाट होतं, चमचा उभा राहील असं. चांगलं झालं होतं. "चांगलं झालंय," असं मी म्हणालोही. पूर्वी कधी म्हणाल्याचं आठवत नाही.

कप रिकामा करून तिला आतून दाखवला. हिने तपासणी केल्यासारखं त्यात वाकून पाहिलं आणि तोंड उघडलं.

घेतलं: एकवीस चमचे. माझ्या हातून. ठसका नाही.

संध्याकाळी पुन्हा तसंच, त्याच क्रमाने. आधी मी. मग ही पाऊण कप.

मी शेवटच्या डावाचा कप तिच्या पुढ्यात ठेवत होतो, आणि ती तो परत करत होती. तिला नको होतं असं नाही. तो माझा होता.

२४ जानेवारी, शनिवार

काल सव्वादोन कप. आज सकाळी डॉक्टर येऊन गेले, बोलवणाऱ्या बाईही होत्या. डॉक्टरांनी तक्ता पाहिला, हिला समोर चार घोट घ्यायला लावले, गळ्याला हात लावून पाहिलं. म्हणाले, पोटातली नळी तूर्त नको. नाकातली पुढच्या आठवड्यात काढून बघू. मुलगा बाहेर जाऊन गॅलरीत उभा राहिला आणि बराच वेळ आत आला नाही.

बाईंनी पुन्हा परीक्षा घेतली. चमचा, उत्तर नाही. कप, उत्तर नाही. खिडकी, नाही. मग माझ्याकडे बोट. "हे कोण?"

"हे," ही म्हणाली. माझ्याकडे बघून.

बाईंनी कागदावर काट मारायला पेन टेकवलं. मी म्हणालो, थांबा. त्यांचं तरी काय चुकलं? त्या नवऱ्याला नावाने हाक मारतात, त्यांना कसं कळणार? मला कळायला हवं होतं. चव्वेचाळीस वर्षं ही शेजारणींना, बहिणीला, डॉक्टरांना, दारात आलेल्या कोणालाही हेच सांगत आली. हे घरी नाहीत. हे येतीलच इतक्यात. ह्यांना विचारून सांगते. मी नेहमी आतल्या खोलीत बसून ऐकायचो.

मी बाईंना समजावून सांगितलं. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे, आणि पेनचं टोपण लावलं.

त्या गेल्यावर मी वही मागे उलटून पाच तारखेचं पान काढलं. "चारपैकी शून्य" या नोंदीवर एक आडवी रेघ मारून वर "चारपैकी एक" असं लिहिलं. खात्याच्या नियमाप्रमाणे दुरुस्तीशेजारी आजची तारीख घातली आणि सही केली.